तयारी कुठवर आली, तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारता, स्टाफरूममध्ये विचारता, हळदीकुंकवाला तर हमखास. "मग, तयारी कुठवर आली?" मी "चाललीय" म्हणते आणि आपला मजला कधी येतोय ते बघत राहते. हेतू चांगला असतो तुमचा, ते कळतं. पण आम्ही दत्तक घेणार त्या बाळाच्या तयारीचं आता एकदा सगळं सांगूनच टाकते. पुढच्या वेळी निदान दुसरं काहीतरी विचाराल.

बाल्कनीला जाळी लावून तीन वर्षं होत आली. तूर्तास ती कबुतरं अडवते. मधल्या कपाटातला खालचा खण रिकामा ठेवलाय. "रिकामा का गं?" असं माझी आईसुद्धा विचारते. अगं, भरू कशानं? बाळ चार महिन्यांचं येईल की दीड वर्षाचं, काहीच माहीत नाही. झबली शिवून घ्यावीत तर ते बूट मागायचं, आणि पाळणा आणावा तर चालत घरात शिरायचं. पोट असलं की निदान महिने मोजता येतात, सातव्यात ओटी भरता येते. आमच्याकडे 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, यादीतला नंबर आहे. तो कधी पाचपन्नासाने पुढे सरकतो, कधी महिनाभर जागचा हलत नाही. नंबराची ओटी कोण भरणार?

रजेची तीच गत. कॉलेजच्या ऑफिसात विचारायला गेले, तर भाऊसाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातली, तेव्हा लागू असलेली 2017 ची दुरुस्ती काढून वाचून दाखवली: दत्तक घेणाऱ्या आईला 12 आठवडे, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं. आता बघा, बाळ सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचाराला 60 दिवस असतात, आणि ते असायलाच हवेत. त्यानंतर बालकल्याण समितीचा दाखला, मग पोर्टल, मग आमच्यासारखे. तीन महिन्यांचा हिशेब कुणी मांडला असेल कोण जाणे. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, बाळ आलं की बघू." सगळेच म्हणतात, आलं की बघू.

एक गोष्ट मात्र तयार आहे. जवळजवळ तयार. सासूबाईंनी स्वतःच्या दोन जुन्या नऊवारींची गोधडी शिवायला घेतली होती. "गोधडीला वय लागत नाही," म्हणाल्या. आत हाताने घातलेला बारीक धावदोरा, कडेला लाल पट्टी. पट्टी तीनच बाजूंना आहे. चौथी का नाही, हे तुम्ही कुणी कधी विचारलं नाहीत.

गेल्या श्रावणात, मंगळवारी, आमच्याकडे घटक चाचणी होती. पर्यवेक्षणाला जाताना फोन कपाटात ठेवायचा असतो. आमच्यासाठी बाळ सुचवल्याचा मेसेज सकाळी दहाला आला होता. मी पाहिला सव्वादोनला. 48 तासांच्या आत बाळ 'रिझर्व्ह' करायचं असतं. शब्द तोच आहे, रेल्वेच्या बर्थला असतो तो. मग 30 दिवसांत संस्थेत जाऊन बाळाला बघायचं आणि सही करायची. माझे चार तास मुलांच्या कॉप्या पकडण्यात गेले होते.

मुलगी. सात महिन्यांची. फोटोत कपाळावरची तीट जरा कलती होती, कुणीतरी सकाळच्या घाईत लावलेली. मी तो फोटो मोठा करून तिचे कान बघत बसले. कानच का, ते विचारू नका. खाली अहवाल होता. वजन 5.4 किलो, डोक्याचा घेर 39.5 सेंटिमीटर. मान धरायला उशीर.

अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो, तसा दाखवला. ते म्हणाले, "घेर वयाच्या मानाने कमी आहे. वजनही कमी आहे. खाण्यापिण्याने भरून निघेल, किंवा नाही निघणार. कागदावरून आज कुणीच सांगू शकणार नाही." मी तोच प्रश्न फिरवून फिरवून तीनदा विचारला. मला त्यांच्या तोंडून 'नको' ऐकायचं होतं, म्हणजे ते माझं राहिलं नसतं. भला माणूस, त्यांनी ते म्हटलं नाही.

नवरा म्हणाला, "रिझर्व्ह करू. जाऊन बघून तरी येऊ." मी म्हटलं, "एकदा कडेवर घेतली की मला परत ठेवता येणार नाही." ऐकायला किती छान वाटतं ना हे? त्यालाही वाटलं असावं, तो गप्प बसला. त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की मी घाबरले होते आणि घाबरण्याला मायेचं झबलं घातलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, दोघांच्या नोकऱ्या, सासूबाईंचे गुडघे, रोजची थेरपी लागली असती तर नेलं कुणी असतं? अगदी बरोबर. हीच कारणं मी नंतर सगळ्यांना दिली. त्या रात्री मात्र यातलं एकही मी उच्चारलं नव्हतं.

बुधवारी रात्री सासूबाईंनी गोधडी काढली. आमच्यात काय चाललंय ते त्यांना सांगितलं नव्हतं, बाळ आलंय एवढंच माहीत. दिव्याखाली बसून त्या पट्टी शिवत होत्या. मधेच विचारलं, "नाव काय गं तिचं?" संस्थेने ठेवलेलं नाव अहवालात होतं. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आतल्या खोलीतून हाक मारावी तसं. आणि दोरा दाताने तोडला.

आम्ही नकार दिला नाही. वेळ जाऊ दिला. गुरुवारी दहा वाजले तेव्हा मी बारावीला 'राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यातील अडचणी' शिकवत होते. घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला. अशा तीन संधी मिळतात. त्यातली एक तास चालू असताना गेली.

नोंदणी झाली तेव्हा इच्छुक पालकांच्या बैठकीत मी उभी राहून म्हणाले होते, "जे बाळ येईल ते आमचं." टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. त्या बाईला आता भेटले तर काय सांगू? बये, खाली बस? तिचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही. ती खोटं बोलत नव्हती, तिच्यासमोर 39.5 हा आकडा नव्हता एवढंच. पोटच्या पोरीचा अहवाल कुणी हातात ठेवून "48 तासांत कळवा" म्हणत नाही. हा युक्तिवाद मी रोज करते आणि रोज हरते, कारण पोटची असती तर मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत आहे.

तुम्हाला मी "मेडिकल प्रॉब्लेम होता" एवढंच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं केलंत." शिव्या घातल्या असत्यात तर सोसलं असतं.

तिला दुसऱ्या कुणी नेलं असेल. असेल, असं मी धरून चालते.

होम स्टडीची, म्हणजे समाजसेविकेने घरी येऊन केलेल्या आमच्या पाहणीची, तीन वर्षांची मुदत आता संपतेय. नोंदणी केली तेव्हा दोघांचं वय मिळून 79 होतं, आता 85 ला टेकलंय, आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी जोडप्याला मर्यादा 85 चीच. शनिवारी समाजसेविका ताई पुन्हा घरी येणार आहेत. गेल्या वेळी 'विशेष गरजा असलेलं मूल' यापुढे आम्ही 'नाही' लिहिलं होतं. या वेळी काय लिहायचं, ते अजून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. काल सासूबाईंनी विचारलं, "चौथी बाजू घालू का?" मी म्हटलं, "राहू दे, आई." त्यांनी घडी घालून ती रिकाम्या खणात ठेवली, सुई तशीच टोचलेली. मी नंतर जाऊन सुई काढली.

जाळी एका कोपऱ्यात सुटली होती. ती तेवढी काल तारेने बांधून घेतलीय.