पांढरा झगा, मांजा आणि आमचे फादर

फादर लोकांनी चारचौघांत किती हसावं-खेळावं ह्यावर आमच्या घरी दोन पार्ट्या होत्या. आजोबा जुन्या बडोदा संस्थानच्या नोकरीतले, सगळा जन्म दांडिया बाजारात गेलेला, त्यांचं म्हणणं धर्मगुरू म्हटला की त्याने आब राखूनच राहायला हवं, पोरांबरोबर आरडाओरडा शोभत नाही. आई म्हणायची, अहो बाबा, वारीत सत्तरीचे बुवा फुगडी घालतात तेव्हा कुठे कुणाचा आब जातो? हा वाद दर उत्तरायणाला हमखास निघायचा कारण त्या दिवशी बडोद्यातल्या आपल्या मिशनरी शाळेचे (तिच्याच ज्युबिलीनिमित्त हे लिहितोय) प्रिन्सिपल फादर शाळेच्या गच्चीवर पतंग उडवायचे आणि ते आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरून दिसायचं.

फादर मूळचे स्पेनचे, गुजरातमधले येशूसंघी, म्हणजे जेझुइट फादर, त्या काळी बरेचसे तिकडूनच आलेले, पण गुजराती इतकं पक्कं की भाजीवाली त्यांच्याशी भावावरून बिनधास्त भांडायची. 14 जानेवारीला सकाळीच झग्याच्या बाह्या वर, बोटांना चिकटपट्टी, किन्ना म्हणजे पतंगाची कण्णी स्वतःच बांधणार, आणि फिरकी धरायला असा मुलगा हाक मारून बोलवायचे ज्याला वर्गात कोणी जवळ करत नाही. पतंग कापला की पहिला ‘काइपो छे’ त्यांचाच. आणि स्वतःचा गेला की ज्या गच्चीवरून कापला गेला तिकडे तोंड करून दोन्ही हात वर करून दाद द्यायचे. हे मी मोठ्या माणसांत फार कमी पाहिलंय.

पुढे कॉलेजात असताना मी डॉन बॉस्को ह्या कॅथलिक धर्मगुरूंबद्दल वाचलं तेव्हा कळलं की आमच्या घरातला वाद खूप जुना आहे. 1815 ला इटलीत तुरीनजवळ जन्मलेला हा माणूस लहानपणी दोरीवर चालायचा, जादूचे प्रयोग करायचा आणि बघायला जमलेल्यांकडून बदल्यात प्रार्थना म्हणवून घ्यायचा. मग 1835 मध्ये झगा अंगावर चढला तेव्हा त्याने ठरवलं की आता जादू, कसरती सगळं बंद, हे धर्मगुरूच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हणजे अगदी आजोबांचीच भाषा! आणि तुरीनच्या रस्त्यांवरची बेवारशी, कामाच्या शोधात आलेली पोरं समोर आली तेव्हा तेच खेळ त्याने परत सुरू केले. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचीही अशीच एक गोष्ट सांगतात, पॅरिसमध्ये एकाशी पैज लावून बिलियर्ड्स खेळले, जिंकले आणि हरलेल्याला महिनाभर अध्यात्मसाधनेला बसवलं.

मला ह्या दोन्ही गोष्टी आवडतात पण त्यात खेळाला एक तिकीट लावलेलं आहे, आधी खेळ मग प्रार्थना. आपल्या फादरांनी ते तिकीट कधीच लावलं नाही. हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्या घरांतली पोरं त्या गच्चीवर असायची, तिथे चिक्की मिळायची, उंधियू मिळायचं, उपदेश अजिबात नाही. माझं स्पष्ट मत आहे की मिशनरी माणसाने किती खेळावं ह्याला काही माप नाही, पोटभर खेळावं, फक्त खेळ हा गळ नको. आमच्या आईबापांनी एवढ्या विश्वासाने आम्हाला तिथे पाठवलं ते ह्याच कारणाने. अमदावादचे फादर वालेस, तेही स्पेनहून आलेले येशूसंघी, पोळांमधल्या म्हणजे जुन्या शहराच्या गल्ल्यांमधल्या हिंदू घरांत पाहुणे म्हणून राहायचे, घरच्यांबरोबर जेवायचे, लोकांनी त्यांना आपलं मानलं ते पण काही उगाच नाही.

आणि आब म्हणाल तर तोही मी पाहिलाय. आठवीत माझ्या वर्गमित्राचे वडील अचानक गेले, रावपुऱ्यात त्यांचं घर, फादर आले, बूट जिन्याखाली काढले आणि बायकापुरुषांनी भरलेल्या त्या खोलीत भिंतीशी मांडी घालून बसले. ओठ हलले नाहीत, क्रॉसची खूण नाही, काही नाही, फक्त त्या मुलाच्या पाठीवर हात. मग खासवाडीच्या स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आले, उन्हात, त्याच पांढऱ्या झग्यात. आजोबा पण होते तिथे. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, माणूस मोठा आहे हो. त्यानंतरही पतंगावरून कुरकुर करायचेच, पण आवाज खाली आला होता.

हल्ली काही तरुण फादर-सिस्टर रीलवर नाचतात आणि लोक तुटून पडतात. मला नाचण्याचं काही वाटत नाही, नाचू देत की, फक्त बघायचं एवढंच की समोर पोरं आहेत की नुसता कॅमेरा. पोरं असतील तर गरब्यात पण उतरा, टाळी चुकली तर चुकू दे.

ज्युबिलीच्या कमिटीला एकच विनंती आहे. माजी विद्यार्थी विरुद्ध शिक्षक अशी मॅच ठेवलीय असं कळलं, त्यात आत्ताच्या प्रिन्सिपल फादरांना नुसतं टॉसला बोलवून खुर्चीवर बसवू नका, ओपनिंगला पाठवा. बोलिंग मी टाकतो, आणि सोपे बॉल टाकणार नाही.