घाटाची शेवटची पायरी : दीड महिन्याच्या रात्री

मागच्या नोंदीत ठोकून दिलं होतं की भिलवडीच्या घाटावर काठाला काही नसतं, मासे सगळे डोहात. ते मागे घेतो. दिवसा बघून लिहिलं होतं; आता रात्री बसून मासे मोजतोय.

जागा तीच आहे. शेवटच्या कोरड्या पायरीखाली दोरीनं आखलेला दोन मीटर बाय एक मीटरचा चौकोन, पाणी गुडघाभर, तळाला वाळू आणि जरासं पाणगवत. चार-पाच हात पुढे डोहाचा उतार सुरू होतो. पाण्यात मी उतरत नाही. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि रात्र ही त्यांची वेळ. बसण्याआधी एकदा टॉर्च लांबवर फिरवायचा, पाण्याच्या पातळीवर निखाऱ्यासारखे दोन ठिपके दिसले तर वही बंद करून घरी. दोनदा तसा परतलोय. बायकोला एकदाच सांगितलंय.

पहिल्या चार रात्री वाया गेल्या. पांढरा हेडलाइट लावून मोजत होतो, आणि दुसऱ्याच मिनिटाला चौकोनात साठ-सत्तर चंदेरी बारके मासे! आकडा बघून मी खूश. शेजारी जाळं सोडणारे भोईमामा म्हणाले, "सर, बत्तीवरचं किडं पाण्यात पडत्यात, ते खायला गर्दी झालीया. तुम्ही ती मोजताय." खरं होतं. त्यातच वाम, शिंगटीसारखे उजेड टाळणारे मासे पांगलेले असणार, म्हणजे आकडा दोन्हीकडून खोटा. चारही पानांवर काट मारली.

आता टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर. दहा मिनिटं अंधारात गप्प बसायचं, मग अर्धा मिनिट उजेड, तेवढ्यात मोजायचं, पुन्हा अंधार. लाल रंग बऱ्याच माशांना कमी जाणवतो, अगदीच जाणवत नाही असं नाही, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर जात नाही.

सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी पाचला चौकोनात चिलापीचा नर आपल्या खड्ड्यावर पहारा देत असतो, बाकी कोणी नाही. खवल्या माशांचे थवे पुढे उताराच्या वर, मधल्या पाण्यात. सातच्या पुढे ते थवे विसकटायला लागतात. माशाच्या डोळ्यात दिवसाच्या शंकूपेशी मागे सरतात आणि रात्रीच्या दंडपेशी पुढे येतात, पण या अदलाबदलीला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात बारक्या माशाला धड दिसत नाही. डोहाच्या कडेला मोठे फटकारे ऐकू येतात ते नेमके तेव्हाच. मरळ की शिवडा, दोन्ही शिकारी मासे, आवाजावरून मला ओळखता येत नाही; मामा ओळखतात.

दहाला मात्र चौकोन भरलेला. थव्यातले मासे आता सुटे सुटे, वाळूला टेकून जवळजवळ निश्चल. चिलापी रंग उतरल्यासारखी पडलेली. पायरीच्या चुना गेलेल्या फटीतून वामीचं टोकदार तोंड बाहेर. शिंगटी मिशांनी वाळू चाचपत फिरते, आणि झिंग्यांचे डोळे नारिंगी चमकतात. दिवसा याच उथळात बगळा आणि खंड्या टपलेले असतात, रात्री ते नाहीत. आणि मोठ्या शिवड्याला एवढ्या पाण्यात वळायलाही अवघड. म्हणून बारके मासे इथे येत असावेत, माझा अंदाज एवढाच. बारकी मासळी रात्री काठाला येते का, हाच प्रश्न घेऊन कॉप आणि युरायदा या संशोधकांनी चेक प्रजासत्ताकातल्या मोरावा नदीवर काम केलं होतं, ते १९९३ साली छापून आलं. मासळी रात्री काठाला येते हे मामांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; जाळं सांजेला काठालगत पडतं ते उगाच नाही.

एका रात्री वरून पाणी सुटलं आणि नदी अख्खी पायरी चढली. चौकोन कंबरभर पाण्याखाली. ती रात्र हिशेबात धरलेली नाही. उन्हाळ्यात कोयना धरणाचं पाणी आणि बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) यांच्यावर माझ्या चौकोनातल्या पाण्याच्या खोलीचा आकडा अवलंबून असतो, म्हणून आता दर वेळी आधी कोरड्या पायऱ्या मोजतो.

पहाटे साडेचारची मोजणी सगळ्यात फसवी. घाटाच्या खालच्या अंगाला केंदाळ साचलंय, तिथे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. केंदाळानं पाणी झाकलं की वरून हवा मिसळत नाही, आणि पाण्यातलं सगळंच रात्रभर श्वास घेत असल्यानं उजाडण्याआधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तिथला मासा जागा निवडत नाही, जीव वाचवतो. तो कोपरा मोजणीतून काढला.

जूनमध्ये पाणी गढूळ व्हायच्या आत एकच काम उरकायचंय : वाळूऐवजी दगडी कडेला दुसरा चौकोन. तिथे फटी जास्त, तेव्हा वामी वाढतील आणि खवल्या घटतील असं वाटतंय. पारदर्शकता मोजायला जेवणाच्या जुन्या थाळीवर काळी-पांढरी पाकळी रंगवून घेतलीय. पहाटे जाळं उचलताना बघू द्यायला मामा तयार आहेत, चहाचा थर्मास मी न्यायचा.