ट्रस चुकला, की ॲपला नीट दिसला नाही?

कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना बसवून आम्ही एक ॲप तपासत होतो. टॅबवर पेनने ट्रस, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा, काढायचा. ॲप मेंबर (दांडी), जॉइंट (सांधा), सपोर्ट (आधार) आणि भाराचे बाण ओळखतं, आणि आकृती बरोबर की चूक ते सांगतं.

गणित मुद्दाम सोपं ठेवलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या शेडच्या छताला असतो त्या ट्रसचं सगळ्यात साधं रूप, म्हणजे एकच त्रिकोण. ए ला पिन (अजिबात सरकू न देणारा आधार), बी ला रोलर (आडवं सरकू देणारा आधार), दोघांत 4 मीटर, मधोमध 1.5 मीटर उंचीवर सी, त्यावर खाली 12 किलोन्यूटन. दोन्ही सपोर्टवर 6-6, तिरक्या मेंबरमध्ये 10 दाब, खालच्यात 8 ताण. एवढ्यावर कोणी अडलं तर दोष मेकॅनिक्सचा नाही, ॲपचा, हे लगेच कळतं. एका वेळी एकच विद्यार्थी, स्क्रीनचं रेकॉर्डिंग चालू, आणि सूचना एकच: जे मनात येईल ते बोलत बोलत काढ. बोल मराठीतच, हे आधी सांगावं लागतं. नाहीतर मुलं इंग्रजी जुळवण्यात गप्प होतात.

त्या दिवशी सगळ्यात सुबक आकृती काढणारी मुलगीच अडकली. तिने खालची रेषा शांतपणे, मध्ये थबकत ओढली. ॲप मात्र कोपरा शोधताना रेषेचा वाक आणि पेनचा वेग दोन्ही बघतं, कारण वळताना हात मंदावतो. ती थबकली तिथे त्याला कोपरा दिसला आणि एबीच्या मध्ये चौथा जॉइंट तयार झाला. स्क्रीनवर त्याची खूणही नाही. भराभर खरडणाऱ्यांचे वेडेवाकडे त्रिकोण मात्र झटक्यात पास!

आता हिशेब बघा. मेंबर अधिक रिॲक्शन (आधाराने दिलेली बलं: पिनची 2, रोलरचं 1) बरोबर जॉइंटच्या दुप्पट, हा नियम. तिच्या आकृतीत 3 अधिक 3 म्हणजे 6, चोख. ॲपच्या लेखी मेंबर 4, रिॲक्शन 3, जॉइंट 4. 8 हवेत तिथे 7. संदेश आला: ट्रस अस्थिर आहे. ती म्हणाली, ‘सर, रोलरच चुकला वाटतं,’ आणि रोलर पुसून पिन काढली. रिॲक्शन 4 झाल्या, बेरीज 8 झाली, हिरवी खूण आली.

खरं तर एका रेषेत आलेला मोकळा जॉइंट बेरीज जुळली तरी डळमळीतच राहतो. ही मोजणी आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. म्हणजे ॲपने बरोबर आकृती मोडायला लावली आणि मोडलेलीला शाबासकी दिली.

बाकीच्या अडचणी किरकोळ आणि अपेक्षित होत्या. बाणाचं टोक दांड्यापासून जरा सुटलं की तो नुसती रेषा ठरतो. रोलरचं बारीक वर्तुळ शून्य वाटतं. ड्रॉइंगच्या सवयीने दोनदा गिरवलेली रेषा दोन मेंबर होते. पण यात काहीतरी बिघडलंय हे मुलाला दिसतं तरी.

शेवटी एसयूएसची (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं ते मोजणारी) प्रश्नावली: 10 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5. विषम विधानात गुणातून 1 वजा, सम विधानात 5 मधून गुण वजा, बेरीज गुणिले 2.5. सगळीकडे एकच आकडा ठोकणाऱ्याचे बरोबर 50 येतात, ते कागद आधी बाजूला काढावेत. त्या मुलीने गुण चांगलेच दिले, कारण तिच्या दृष्टीने ॲपने तिची चूक पकडली होती! रेकॉर्डिंग नसतं तर हे कधीच कळलं नसतं.

विकसकांकडे दोन बदल मागितले. निकाल सांगण्याआधी ओळखलेले जॉइंट ठळक ठिपक्यांनी दाखवायचे आणि ‘मला असं दिसलं, बरोबर ना?’ विचारायचं. आणि सरळ रेषेत फक्त दोनच मेंबर जोडणारा, ना भार, ना सपोर्ट, ना अक्षर असलेला जॉइंट आपणहून काढून टाकायचा. तिसरा मेंबर तिथे येत असेल तर मात्र हात लावायचा नाही. शून्य बलाचे मेंबर शिकवताना तोच जॉइंट लागतो.