चित्राखालचं नाव

दुपारी त्या जुन्या डच कोरीव चित्रातली जोडहोडी मोठी करून बघितली आणि तिथेच अडकले. होडीतल्या माणसांचे डोक्यावर बांधलेले बुचडे किती निगुतीनं काढलेत! आणि त्या जागेचं नाव? ‘खुन्यांचा उपसागर’.

डिसेंबर १६४२. न्यूझीलंडचा किनारा, डच दर्यावर्दी आबेल तास्मानची दोन जहाजं. संध्याकाळी माओरींनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, होड्यांतून तुतारीसारखं काहीतरी फुंकलं. अर्थ न कळताच डचांनीही तुतारी वाजवली. ते बहुधा आव्हान होतं. दुसऱ्या दिवशी माओरींच्या हल्ल्यात चार डच खलाशी मारले गेले, आणि डचांनी त्या जागेला ते नाव दिलं.

मूळ चित्र काढणारा गिल्सेमान्स त्या ताफ्यातच होता. चार जीव गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण त्या किनाऱ्याला माओरी नाव आहे, मोहुआ. ही माणसं आपलं घर राखत होती.

होडीतल्या कुणी हे चित्र काढलं असतं, तर खाली काय लिहिलं असतं?