शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका

चार वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या सरावात आठवीतल्या एका मुलाने बुद्धिमत्ता चाचणीचा बऱ्यापैकी अवघड प्रश्न बरोबर सोडवला. मी सहज विचारलं, "हाच पर्याय का रंगवलास?"

"बरोबर वाटला, मॅडम."

"का वाटला?"

तो उत्तरपत्रिकेकडे बघत उभा राहिला. मुलगा चांगला हुशार होता. पण 'का' हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्या 'कुणी'त मीही होते. घड्याळाचे काटे, रांगेतला क्रमांक, दिनदर्शिका अशा प्रत्येक प्रकाराची एकेक युक्ती मी मुलांकडून घोटून घेतली होती. त्या दिवशी घरी जाताना मला फार अस्वस्थ वाटलं.

मी सिन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते. त्यातल्या शेवटच्या दोन तासिका कोड्यांसाठी मागून घेतल्या. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, की अभ्यासक्रम मागे पडता कामा नये.

पहिले दोन महिने फुकट गेले. मी फळ्यावर कोडं लिहायची, दोन मुलं मिनिटभरात उत्तर ओरडायची आणि बाकीचे तीस जण ते वहीत उतरवून घ्यायचे. म्हणजे कोड्यांचाही पाठांतराचा तासच झाला होता. मग एक नियम केला: पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, नंतर शेजाऱ्याला समजावून सांगायचं आणि शेवटी वर्गाला सांगायचं ते फक्त कारण. उत्तर मी फळ्यावर लिहिणार नाही. यावर सगळ्यात जास्त नाराज झाली ती ओरडणारी दोन मुलं. उत्तर पटकन सुचायचं, पण सांगायला लागली की मध्येच अडकायची.

वाघ, शेळी आणि गवताच्या पेंडीचं कोडं सगळ्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं होतं, म्हणून तेच घेतलं. व्हरांड्यात खडूने नदी आखली. वाघ म्हणून खडा, शेळी म्हणून चिंचोका, गवत म्हणून काडी. होडीत नावाड्याबरोबर एकच काहीतरी मावतं. शेळी पलीकडे पोहोचली, मागून वाघही नेला आणि सगळे गट तिथेच थांबले. वाघ आणि शेळी एकत्र ठेवून नावाडी परत येणार कसा? सहावीतल्या एका अबोल मुलीने चिंचोका उचलला आणि पुन्हा अलीकडे आणून ठेवला. पोरं ओरडली, "अगं, ती तर आत्ताच नेली होती!" ती म्हणाली, "मग? परत आणायला कुणी नको म्हटलंय?"

तिथे मी त्यांना बराच वेळ थांबवलं. परत आणणं म्हणजे चुकणं, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं, आणि ही अट कोड्यात कुठेच नव्हती. सात फेऱ्यांत कोडं सुटलं, तेव्हा मी विचारलं, "पहिल्या फेरीत शेळीच का? आणि दुसरी एखादी रीत आहे का?" वाघ आधी नेला तर शेळी गवत खाते, गवत आधी नेलं तर वाघ शेळी खातो, म्हणजे पहिल्या फेरीला पर्यायच नाही. पुढच्या खेपेला मात्र वाघ न्या नाहीतर गवत, दोन्ही चालतं. रीती दोनच, तिसरी नाही. 'तिसरी नाही' हे ठामपणे म्हणता येतं, याचा मुलांना झालेला आनंद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तराजूचं कोडंही असंच लक्षात राहिलं. वाळू भरलेल्या नऊ सारख्या काडेपेट्या, त्यातली एकच जड. दोनदाच तोलून ती शोधायची. सगळ्यांनी चार-चार अशी विभागणी केली आणि तिसरं तोलणं लागायला लागलं. जिच्या घरी किराणा दुकान आहे ती मुलगी म्हणाली, "तराजू सारखा राहिला तरी तो काहीतरी सांगतोच ना?" बस, सुटलं. तीन-तीन-तीन. दोन ढीग तोलले आणि तराजू सारखा राहिला, तर जड पेटी तिसऱ्या ढिगात. मग त्या तिघांत पुन्हा तसंच. तराजूकडे तीन उत्तरं असतात, आम्ही दोनच धरून बसलो होतो.

पण वर्ग खऱ्या अर्थाने बदलला तो बुद्धिबळाच्या पटामुळे. आठ बाय आठचा पट, तिरके समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांचे कोपरे कापलेले, म्हणजे घरं उरली ६२. दोन घरं झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या ३१ पट्ट्या दिल्या आणि पट पूर्ण झाका म्हटलं. पट मी मुद्दाम बिनरंगाचा दिला होता. दोन शनिवार मुलं झटत होती. दर वेळी दोन घरं उघडी राहायची आणि ती कधीच शेजारी नसायची. एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, हे बसतच नाही." मी विचारलं, "तुला जमत नाही, की कुणालाच जमणार नाही?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

तिसऱ्या शनिवारी मी घरं काळी-पांढरी रंगवायला सांगितली. रंगवता रंगवता त्याच मुलाचा हात थांबला. कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे! म्हणजे एका रंगाची ३२ घरं आणि दुसऱ्याची ३०. पट्टी कशीही ठेवा, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकते. ३१ पट्ट्यांना दोन्ही रंगांची ३१-३१ घरं हवीत, ती नाहीतच. त्याने फळ्याजवळ येऊन हे सगळं सांगितलं, दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी एक शब्दही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादी गोष्ट होणार नाही हे सिद्ध करत होता.

याच सुमारास पालक सभेत एका वडिलांनी मला सरळ विचारलं, "शिष्यवृत्तीच्या वर्षात पोरांना पुठ्ठे कापायला काय लावता?" त्यांची काळजी खरी होती, त्यामुळे मी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी त्यांना वर्गात बोलावलं. ते मागच्या बाकावर बसले आणि काडेपेट्यांच्या कोड्यात त्यांनीही चार-चारच केले. त्यांच्या मुलाने त्यांना समजावलं. त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही.

कापरेकरांचा आकडा मी वर्षाच्या शेवटी घेतला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर, आमच्याच जिल्ह्यातले. कुठल्याही विद्यापीठात संशोधक नसताना त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ चा गुणधर्म शोधला. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथेच येतात. आपल्यासारख्याच एका शाळेतल्या सरांनी हे शोधलं, हे ऐकून वर्ग एकदम शांत झाला.

आणि लगेच भांडण लागलं. "मॅडम, माझं शून्य आलं!" एका मुलीने २१११ घेतला होता. २१११ वजा १११२, आले ९९९. पुन्हा ९९९ वजा ९९९, शून्य. कापरेकर चुकले की ती चुकली? अर्धा तास वाद चालला. शेवटी एकाने पकडलं: खेळ चार अंकांचा आहे, मग ९९९ हा ०९९९ असा लिहायला हवा. तसं केल्यावर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. नियम नेमका लिहिला नाही तर काय होतं, हे मी कितीही सांगितलं असतं तरी इतकं पटलं नसतं. तिचं ते शून्य मी अजून विसरलेले नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी तीच मुलगी वहीचं पान घेऊन आली. तिने दोन अंकी संख्या करून पाहिल्या होत्या. पानावर एक गोल काढून त्याभोवती बाणांनी पाच आकडे लिहिले होते: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. "हे थांबतच नाही, मॅडम. नुसतं फिरतंय. मी सगळ्या संख्या करून पाहिल्या." पान उलटलं तर मागे खरोखरच सगळ्या होत्या, बारीक अक्षरात, ओळीने. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तीन अंकी: ४९५ ला थांबतं. पाच अंकी: ?'