तेच पोतं

गुरुवारी चष्मा आला आणि शुक्रवारी दुपारी मी तांदूळ निवडायला बसले. पहिल्याच ताटात दोन साळी, एक काळं बी आणि अकरा खडे. अकरा! आजऱ्याहून मोठ्या जाऊबाई दरसाल घनसाळचं पोतं पाठवतात. घरचा तांदूळ, त्यात खडा असायचाच. पण गेलं वर्षभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की तिकडच्या गिरणीत काहीतरी नवं यंत्र बसलंय, हल्ली निवडावं म्हणून लागत नाही. लगेच फोन लावला. म्हटलं, "वहिनी, यावेळी तांदूळ जरा बिघडलाय बरं का."

"कुठलं यावेळी? तेच पोतं हाय की गं. अजून संपलं न्हाई व्हय?"

फोन ठेवला. चष्मा काढून ताटाकडे पाहिलं, खडे गेले. लावला, आले. असं चार-पाच वेळा करून पाहिलं.

खरं म्हणजे चष्मा ही माझी जुनी हौस. चौथीत आमच्या वर्गातल्या पहिल्या तिघींपैकी दोघींना चष्मा होता. त्यांना नंबर होता आणि त्यांचा नंबर यायचा, यात काहीतरी संगनमत आहे याबद्दल माझी खात्रीच होती. शिवाय चष्म्याला स्वतःचं घर असतं. टप्पकन मिटणारं, आत मखमल लावलेलं. मला त्या घराचाच मोह जास्त. मग मी फळा दिसत नाही म्हणायला लागले. आठवडाभर जमेल तितके डोळे बारीक केले, तेव्हा कुठे अण्णा मला सांगलीला घेऊन गेले.

जिना चढून वर दवाखाना. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो, आणि खोली त्याच्या निम्मी. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे, वर टांगलेला, अक्षरं उलटी छापलेली, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात अक्षरं सुलटी होत आणि अंतरही दुप्पट भरे. १८६२ साली हा तक्ता काढणाऱ्या स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरला पेठेतल्या जागांची अडचण कुठून ठाऊक असणार! मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरीला ठरल्याप्रमाणे अडखळले. डॉक्टरांनी ती जड गोल फ्रेम माझ्या नाकावर चढवली, पेटीतून एक काच काढून अडकवली आणि विचारलं, "आता?"

आता काय, आता सगळं दिसायला लागलं. एका दमात खालपर्यंत वाचलं. अगदी तळाला छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

डॉक्टरांनी काच काढून अण्णांपुढे धरली. "साधी काच आहे. खिडकीला लावतात तसली."

जिना उतरताना अण्णा काही बोलले नाहीत. एसटी स्टँडवर आल्यावर पार पलीकडच्या फलाटावरच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती पाटी काय गं?"

"इस्लामपूर."

"मग चल की."

त्या विषयावर आमच्या घरात पुढे कधी कोणी काही बोललं नाही. लाडू वळताना आईला मात्र मधूनच हसू यायचं.

यावेळी खोटं बोलायची गरज नव्हती, तरी मी गडबडलेच. यंत्रावर हनुवटी टेकवून तो सरळसोट रस्ता आणि टोकाचा रंगीत फुगा पाहणं ठीक, तिथे आपल्याला कोणी काही विचारत नाही. पण पुढे ते "हे बरं दिसतंय की हे?" सुरू होतं. ती मुलगी इतक्या अगत्याने काचा बदलत होती की एकीला नावं ठेवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, दोन्ही छान आहेत. "मॅडम, साड्या नाहीत या," ती म्हणाली. शेवटी बारीक अक्षरांचं कार्ड हातात दिलं. हात लांब करत करत मी ते तिच्या टेबलावरच्या पेनस्टँडपर्यंत नेलं, तेव्हा तिला माझ्या मताची गरज उरली नाही. प्लस दीड.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं बघायला हवं तसं फुगत नाही, एवढीच ही भानगड. मराठीने मात्र वय, व्याधी आणि उपाय अशी तिन्ही कामं 'चाळिशी' या एका शब्दात उरकलीत. आमची आजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही घरभर विचारत फिरायची, "माझी चाळशी कुठं पाहिलीत का रे?" एक काडी मोडलेली, तिथे काळा दोरा, तो दोरा कानावर गुंडाळलेला. तरी सुईत ओवायला मलाच हाक. ओवताना मला वाटायचं, किती सोपं आहे हे, म्हातारी उगाच लाडात येते.

भाची म्हणते, "मावशी, लेन्स लाव ना, आता जवळच्या नंबराच्याही मिळतात." तिचं काय, ती बुबुळावर बोट ठेवून फोनवर बोलू शकते. मी गुलाबपाणी घालतानासुद्धा दुसऱ्याला दोन्ही हात धरायला लावते.

रात्री जेवताना नवऱ्याला अकरा खड्यांची गोष्ट सांगितली. त्याने नुसतं "हं" केलं.

"तुला लागायचे का रे दाताखाली?"

"लागायचे की."

"मग बोलला नाहीस कधी?"

"ताटाच्या कडेला काढून ठेवायचो की रोज. मला वाटलं, तुला दिसतंय."

डोक्यावर सरकवलेला चष्मा मी खाली घेतला. भात सकाळचाच होता, न निवडलेल्या तांदळाचा. त्याच्या ताटात मिठाशेजारी दोन खडे होते. मला दिसतंय असं धरून वर्षभर त्याने माझ्याबद्दल काय समजून घेतलं असेल, ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्याला ताक वाढलं.