पानाची डावी बाजू आणि प्रभातचे सिनेमे

सणाच्या पानात मीठ कुठे वाढतात? वर, मधोमध. मग डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी आणि मध्ये भाताची मूद, वर पिवळंधमक वरण, तूप. घरोघरी थोडं इकडेतिकडे असतं, पण डावं-उजवं सहसा कुणी मोडत नाही, आणि मोडलंच तर पंगतीतली एखादी आत्या तिथल्या तिथे सांगते.

मला हे आता रीतीपेक्षा जास्त, फार विचारपूर्वक केलेलं लेआऊट वाटतं. आपण जेवतो उजव्या हाताने, म्हणजे जे सारखं लागतं ते हाताजवळ, आणि जे बोटाच्या टोकावर घेऊन नुसतं जिभेला लावायचं ते लांब डावीकडे आणि तेही एवढंएवढंसं. आमटी पातळ म्हणून ती वाटीत. रंग बघा, मध्ये पांढरा भात आणि त्याच्या आजूबाजूला लाल, हिरवा, पिवळा, खाली केळीच्या पानाचा तो ओला हिरवा आणि पानाभोवती रांगोळीची महिरप, म्हणजे चक्क फ्रेमच की! आणि मला सगळ्यात आवडते ती पानात मुद्दाम सोडलेली मोकळी जागा, कारण अजून पुरणपोळी यायची असते, मसालेभात यायचा असतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्टीलच्या एकसारख्या वाट्या गोल मांडून थाळी देतात, चव छान असते पण डावी बाजू अशी उरतच नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

कुठली गोष्ट कुठे ठेवायची आणि कुठे काहीच ठेवायचं नाही, ही नजर मला आपल्या जुन्या सिनेमातही दिसते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला आणि आपल्या सिनेमांची पोस्टर्ससुद्धा स्वतः रंगवली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि साहेबमामा फत्तेलाल, दोघंही मुळात ब्रश धरणारी माणसं. हे दोघं, शांतारामबापू म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि बाकीचे भागीदार यांनी मिळून १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात ही फिल्म कंपनी सुरू केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. म्हणजे सिनेमा आपल्याकडे घडवला तो बऱ्याच अंशी चित्रकारांनी, आणि हे आपण फार कमी वेळा बोलतो.

दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'चं (१९३६) व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात कौतुक झालं ते सगळे सांगतात, चमत्काराचे सीन्सही सगळ्यांना आठवतात, पण मी दरवेळी अडकते ती तुकोबांच्या घरात. जिजाईचा संसार, तिची म्हैस, तिचं ते कावणं, यातलं काहीच सजवलेलं वाटत नाही, आणि असं न सजवलेलं वाटायला लावणं हेच तर आर्ट डायरेक्शनमधलं सगळ्यात कठीण काम. भगव्या-सोनेरी झगमगाटात संत दाखवणारे आजचे सेट बघितले की हे जास्तच कळतं.

आणि मग १९३७ चा 'कुंकू'. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, गाणी आहेत, पण बाकी घरातले, आजूबाजूचे खरेखुरे आवाज. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली ती मुलगी त्या घरात वावरते तेव्हा कुठलंही व्हायोलिन आपल्याला सांगायला येत नाही की आता वाईट वाटून घ्या, ते घरच बोलतं. पानात सोडलेल्या मोकळ्या जागेसारखंच आहे हे, फक्त इथे ती कानासाठी सोडलीये. शक्यतो रात्री, हेडफोन लावून बघा आणि ती मुलगी झालेली शांता आपटे गप्प असते त्या जागा अजिबात फॉरवर्ड करू नका.